एक गिटार, दोन अॅम्प

टेंभुर्णी,
३ डिसेंबर २०२४

प्रिय शिखादीदीस,

नमस्कार. दाजी अन लेकरं खुशाल असतील. इकडं कापसाची दुसरी वेचणी चालू आहे. आमच्या आईचे गुडघे दुखतात, तरी बाई वावरात जायचं सोडत न्हाई. तुझ्या चार मेसेजला मी उत्तर दिलं न्हाई, फोनही उचलला न्हाई. राग आला असंल. तोंडानं बोलणं जमायचं न्हाई, म्हणून कागदावर लिहून राह्यलो.

प्रेमबाई काकूला लेकाचं, नमनचं शेवटचं रेकॉर्डिंग ऐकायचंय म्हणालीस. पेनड्राइव्ह सोबत आहे. तीन मिनिटं वीस सेकंद.

ऐकताना वाटेल दोन गिटारी वाजून राह्यल्या. एकच आहे, दोन अॅम्पमधून, म्हणजे गिटारच्या स्पीकरमधून, वाजवलेली. नमनच्या अॅम्पचा आवाज भरलेला अन गोड, माझा जुना अॅम्प टणटणीत पण कोरडा. "अंगद्या, दोन्ही मिसळ ना रे," म्हणला. मंग किशनलाल काकांच्या गोदामात बारदानाच्या थप्प्या चारी बाजूंनी लावल्या, गिटारची वायर दोन्ही अॅम्पमध्ये वाटली अन दोन्हीपुढं एकेक माईक ठेवला. आवाज काय आला, दीदी! बिलकुल स्वच्छ.

म्हणजे लगेच न्हाई आला. दोन्ही अॅम्प जोडले की मागं घूंऽऽ चालू व्हायचं. एकेकटा लावला की गप. नमन म्हणला, "चालतंय की." मला चालत नव्हतं. सहा महिने संभाजीनगरला साउंडवाल्याकडं काम केलं, त्याची लई मस्ती होती मला. नमन चहा आणायला गेल्ता तवर मी त्याच्या अॅम्पचा प्लग उघडला अन आतली हिरवी वायर कापली. साउंडवाले करतात असं, मी पाह्यलेलं होतं. घूं बंद. नमन आला, विचारलं काय केलंस? मी म्हणलो, "कनेक्शन बराबर केलं."

हिरवी वायर अर्थिंगची असते, दीदी. अॅम्पमध्ये बिघाड झाला तर करंट तिच्यातून जमिनीत जातो, माणसात न्हाई. दोन्ही अॅम्प जोडलेले होते तवर माझ्या अॅम्पचं अर्थिंग गिटारच्या वायरीतून दोघांना सांभाळत होतं. दुसऱ्या दिवशी हसनाबादला कार्यक्रम होता. मी माझा अॅम्प उचलून नेला. हिरवी वायर जोडायची राहिली. राहिली कशाची! आल्यावर जोडू म्हणून आळस केला.

तिसऱ्या दिवशी गोदाम धुतलेलं. नमन ओल्या फरशीवर अनवाणी, गिटार हातात, एकटा त्याचाच अॅम्प लावलेला. अॅम्प बिघडला अन करंट त्याच्यातून गेला. पुढचं तुला माहीत आहे.

तुला हे माहीत न्हाई की पंचनाम्याच्या वेळी काका माझ्याकडं वळले. "अंगद, तुला यातलं कळतं, कशानं झालं असंल?" प्लग बाहेरून धडधाकट दिसत होता, कोणी उघडला न्हाई. मी म्हणलो, "वायरिंगच खराब असंल, काका." गोदामाची वायरिंग राधेश्यामनं केलेली. बस, तेवढ्यावर त्याच्यावर केस झाली. तेव्हापासून गावात त्याला कोणी पंखासुद्धा लावायला बोलवत न्हाई. त्याची बायको गोजरबाई रोज दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जाते. अन नमनचा त्यो अॅम्प काकांनी मलाच दिला. माझ्या लेकाची आठवण म्हणून ठेव, म्हणले. मी घेतला, दीदी. घेतला!

तू भाऊबीजेला ओवाळायला बोलावलं, नमनच्या जागी बस म्हणालीस. ताप आला म्हणून सांगितलं. ताप कशाचा.

आज सकाळी राधेश्यामच्या घरी गेल्तो. प्लग उघडून कापलेली वायर दाखवली. वाटलं, मारील मला. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं चार महिन्यांत टेस्टर हातात धरला न्हाई, घरातला बल्बही बायकोला लावायला लावतो. त्यानं वायर उलटीपालटी करून पाह्यली अन विचारलं, "म्हणजे पोरगं माझ्या हातून गेलं न्हाई?" मी न्हाई म्हणलो. त्यानं पुन्हा विचारलं. तीनदा विचारलं. मंग भिंतीला टेकून खाली बसला अन लेकरावाणी रडायला लागला. चार महिने त्यो माणूस स्वतःला खुनी समजत होता, अन मी रोज त्याच्या दारावरून जात होतो.

सोमवारी मी जाफ्राबादच्या ठाण्यात जाऊन सगळं लिहून देणार आहे. काकांना त्याच्या आधी तू सांगशील, का मी येऊन सांगू? येतो म्हणलं तर पाय उचलत न्हाई, पण तू म्हणशील तसं.

माफ कर असं लिहीत न्हाई. तुझा भाऊ असंही लिहिता येत न्हाई.

ज्यानं वायर कापली त्यो,
अंगद