जेवण अडवलं आणि कलम अडकलं

तीर्थरूप भाऊजींना,

साष्टांग नमस्कार. (पहिला नमस्कार अर्थात तुमच्याआधी हे पत्र फोडून वाचणाऱ्या तुरुंगातल्या साहेबांना. त्यांचा मान मोठा.) तुमची पाठ कशी आहे? खोकला? तिकडे सगळं ठीक आहे असं धरून पुढे लिहितो.

फौजदारी कायदा नव्याने लिहायचं विधेयक ज्या समितीपुढे आहे, तिच्या चहापाण्याची आणि जेवणाची व्यवस्था माझ्याकडे आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यात आपलं कलम होतं. दुकानदाराला ठार मारलं तुमच्या टॅक्सीतून उतरलेल्या त्या दोघांनी, तुम्ही आपले बाहेर मीटर चालू ठेवून बसलेले, तरी जुन्या कायद्याने तिघांना सरसकट जन्मठेप. नव्या कलमात ज्याने त्याने आपल्या करणीपुरतं भोगायचं होतं, आणि आधी आत गेलेल्यांनाही ते लागू होणार होतं. म्हणजे तुम्ही घरी!

आता समितीची तऱ्हा ऐका. पोट भरलेलं असलं की अध्यक्ष शब्दाशब्दाचा कीस पाडतात. (सायकलचोरीच्या एका ओळीवर त्यांनी अख्खी सकाळ घालवली. ओळ होती तशीच राहिली, बिस्किटं मात्र संपली.) पण भूक लागली की सगळ्यांचे डोळे दाराकडे, आणि 'मंजूर, पुढे' असा सपाटा. एकदा दोन पानं चिकटलेली होती, तीही तशीच मंजूर झाली. हे मी रोज बघत होतो. म्हटलं, आपलं कलम भुकेच्या तोंडीच यायला हवं. त्या दिवशी स्वयंपाक्याला बजावलं, मी सांगेपर्यंत झाकण उघडायचं नाही. त्याने मला वेड्यात काढलं, पण ऐकलं.

कलम आलं तेव्हा सगळ्यांची तोंडं सुकलेली होती. समितीत आपल्या बाजूने बोलणाऱ्या एकट्या वकीलबाई, कधीपासून टिपणं काढून बसलेल्या. नेमक्या त्याच उठल्या आणि जेवणाचं काय झालं ते बघायला निघाल्या. आत गेल्या असत्या तर सगळं तयार दिसलं असतं, म्हणून मी त्यांना दारातच बोलण्यात गुंतवलं. (माझी हुशारी बघा.) तेवढ्यात मागून अध्यक्षांचा आवाज आला, "यावर फार वाद होईल. जुनं आहे तसंच राहू द्या, जेवून घेऊ."

सगळ्यांचे हात वर झाले. बाई वळल्या तोवर खुर्च्या सरकल्या होत्या. भाऊजी, त्या खोलीत मला बोलायची सोय नाही, फक्त वाढायची आहे. मी वाढलं. अध्यक्षांनी दोनदा मागून घेतलं.

माझ्या मूर्खपणाची मला लाज वाटते. पाठीला जपा.

तुमचा मेहुणा

ता. क. त्या संध्याकाळी ताईने विचारलं, तिचा चेहरा बघून माझ्या तोंडून 'मंजूर झालं' निघून गेलं. ती या रविवारी तुम्हाला न्यायला येते आहे. खरं काय ते तुम्हीच सांगा. तुमचं ती ऐकते.

आणखी एक. तुमचा निळा शर्ट ती इस्त्री करून आणते आहे. आता ढगळ होईल, तरी नको म्हणू नका.

साहेब, हे तुमच्यासाठी. वाचून झालं असेल तर पत्र रविवारच्या आत त्यांना द्या. नाहीतर तिच्या हातातला शर्ट बघून तेही खरं धरतील.