गोळीची झोप

हर्षदाचे पप्पा,

हर्षदा शाळेत गेली. मी रिक्षाने स्टेशनजवळच्या दवाखान्यात जाते आहे, एकटीच. रातपाळी करून आलात, की आधी जेवा. कळण्याची भाकरी डब्यात आहे, ठेचा वाटीत.

अंगदुखीच्या लाल गोळ्या मेडिकलमधून आता आणू नका. त्यांनी दुखणं थांबत नाही, पोटात मात्र आग पडते. रात्रीच्या पिवळ्या गोळीने दुखणं जरा कमी होतं, पण तोंडाला कोरड पडते, पोट साफ होत नाही आणि सकाळी डोकं जड राहतं. डॉक्टर म्हणाले होते, त्रास झाला तर अर्धी करू, नाहीतर बदलून देऊ. तेच विचारायचं आहे.

माझा एक्स-रे कपाटावरून काढून गादीखाली ठेवला आहे. यापुढे तो ट्यूबलाइटसमोर धरून कोणाला दाखवू नका. या दुखण्याचं एक्स-रेत काही दिसत नाही, हे डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलं होतं. तुम्ही तुमच्या भावाला एवढंच सांगितलंत, की सगळं नॉर्मल आहे.

काल सकाळी, हर्षदा मामाकडे असताना, तुम्ही हाका मारत बराच वेळ दार वाजवलंत. शेवटी शेजारच्या भाभींनी खिडकीतून काठी घालून कडी काढली. सगळे म्हणाले, गोळीची झोप आहे, बिचारीला कळलंच नसेल. मीही हो म्हटलं.

पिवळ्या गोळ्या चार दिवसांपूर्वीच संपल्या आहेत. दुखण्याने उठवत नव्हतं, पण तुमची पहिली हाक मी ऐकली होती.

मालती