दत्ताराम मिस्त्रीची कानस

परळ, मुंबई
दि. ४ नोव्हेंबर १९७९

तीर्थरूप दादा यांस,
धाकट्या सोनबाचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास उशीर झाला म्हणून रागवाल. रागवा, पण आधी महाड डेपोतून तुमच्या नावाची लाकडी पेटी सोडवून घ्या. आत आमच्या शेठच्या जपानी गाडीचं इंजिन सुटं करून घातलंय. जुनं आहे, पण आपण पाहिलेल्यांतलं नाही. याला पिस्टन नाही, वॉल्व्ह नाही. लांबट गोल हाऊसिंगमध्ये तिकोनी रोटर गरगर फिरतो. बाजूच्या बिडाच्या प्लेटांतल्या भोकांतून पेट्रोल-हवा आत येते आणि हाऊसिंगच्या भोकातून धूर बाहेर जातो. ही भोकं, म्हणजे पोर्ट, वाढवली की गाडी पळते. फेब्रुवारीत मद्रासला शर्यत आहे.

इथल्या दोन मिस्त्र्यांनी हात जोडले. मी शेठना सांगितलं, पोलादपूरला माझा भाऊ आहे, त्याच्या कानशीला तोड नाही. काम जमलं तर ते तुम्हाला इथल्या वर्कशॉपात कायमचे घेणार आहेत. ट्रकांचे ब्रेक ठोकून हात वाया चाललाय असं तुम्हीच म्हणता ना? मापांचा कागद सोबत आहे. चष्मा डोळ्यांवर लावून वाचा, कपाळावर नको.

आईस नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.
आपला,
सोनबा


पोलादपूर
दि. १२ डिसेंबर १९७९

चि. सोनबा यास अनेक आशीर्वाद वि. वि.

चष्मा कपाळावरच होता, तरी वाचलं. पेटी आज परतीच्या गाडीने लावली. महिनाभर दुसरं काम धरलं नाही. आंबेनळी घाटातून तापून आलेले ट्रक दारात उभे राहिले आणि ड्रायव्हर मला शिव्या घालून महाडला गेले. आई म्हणते, दत्तू त्या लोखंडाशी बोलतो, माझ्याशी बोलत नाय. खरं सांगतो, वीस वर्षांत हाताला इतकं सुख मिळालं नव्हतं.

हवेच्या भोकांना पत्र्याचा फर्मा केला. आतल्या अंगाला तुझ्या मापापेक्षा नखभर कमीच कापलंय. तिथून रोटरच्या कोपऱ्याचं सील जातं, त्याला खाली आधार नको का? आता धुराच्या भोकाचं नीट ऐक. हाऊसिंगला आतून क्रोमचा पातळ मुलामा आहे. तिथे कानस आतून बाहेरच ढकलायची. बाहेरून आत ढकलली की मुलामा सोलून उभा राहतो आणि फिरणारं सील त्याला अडकून तुटतं. मी हाऊसिंगमध्ये हात घालून उलट्या मनगटाने घासलंय. आता त्याला कोणी हात लावू नये. तू तर मुळीच नको. तुला भाकरी निवेपर्यंतही दम निघत नाही.

मुंबईला यायचं म्हणून नवा सदरा शिवायला टाकलाय. हसू नकोस.

वेळेवर जेवत जा, आमच्यावर जीव ठेव.
तुझा दादा,
दत्ताराम


परळ, मुंबई
दि. २० फेब्रुवारी १९८०

तीर्थरूप दादा यांस,
शि. सा. न. वि. वि.

वाईट कळवतो. मद्रासला तिसऱ्या फेरीत इंजिन बसलं. उघडलं तर धुराच्या भोकापाशी मुलामा सोललेला आणि सीलचे तुकडे. शेठ सगळ्यांदेखत म्हणाले, खेड्यातल्या मिस्त्रीच्या हाती दिलं तीच चूक झाली. मी काय बोलणार? तुमच्या हातून असं होत नाही, पण वस्तू नवीन, एखादा दिवस असतो तसा. मनाला लावून घेऊ नका. मुंबईचं मात्र आता राहिलं.

आईला यातलं सांगू नये. आपली कृपा असू द्यावी.
आपला,
सोनबा


पोलादपूर
दि. ९ मार्च १९८०

चि. सोनबा यास आशीर्वाद.

मनाला लावून घेऊ नका असं लिहिलंस, पण शेठनी ती सोय ठेवली नाही. महाबळेश्वरला जाताना त्यांची गाडी गॅरेजासमोर थांबली. ड्रायव्हरने ते हाऊसिंग माझ्या पायाशी टाकलं आणि शेठ काचेतून म्हणाले, मिस्त्री, हे दारावर टांगा. चार ट्रकवाले आणि चहावाला भागोजी बघत होते, संध्याकाळपर्यंत आईच्याही कानावर गेलं. आता भागोजीचा भाऊसुद्धा आपली जीप महाडला नेतो.

ते गेल्यावर मी हाऊसिंग धुऊन उन्हात धरलं. माझे ओरखडे आतून बाहेर आहेत. त्यांच्यावरून दुसरे गेलेत, जाड कानशीचे, बाहेरून आत. इंजिन गाडीतच ठेवून, नुसता धुराचा पाइप काढून कोणीतरी घाईने घासलंय. आणि प्रत्येक ओरखडा शेवटाला डावीकडे वळतो. ही खोड मोडायला मी दोन वर्षं तुझं मनगट धरून उभा होतो, सोनबा.

शेठना अजून कळवलेलं नाही. आधी तुला विचारतो. तू होतास का?
दत्ताराम


परळ, मुंबई
दि. २१ मार्च १९८०

तीर्थरूप दादा यांस,
शि. सा. न. वि. वि.

मीच होतो. शर्यतीच्या आदल्या दिवशी शेठ म्हणाले, अजून थोडा जोर हवा, आणि मी हो म्हणून बसलो. सगळं खोलायला वेळ नव्हता. शेठना कार्बोरेटर जुळवतो म्हणालो आणि रात्री एकट्यानेच कानस चालवली. तेव्हा खरं बोलायचं राहिलं. आता बोलता येत नाही, कारण एक तारखेपासून त्यांनी मला हेडमिस्त्री केलंय. तुमचं तिथे कसंही चालेल, माझं इथे बुडेल. तुम्ही मोठे आहात, पोटात घाला.

दुसरं हाऊसिंग पाठवलंय. तुमच्यासारखं कोणाला जमत नाही. पहिल्यासारखंच करून द्या. शेठना वाटेल मी केलं, एवढंच.

राग सोडून लोभ करावा.
आपला,
सोनबा


पोलादपूर
दि. २ एप्रिल १९८०

सोनबास,

पेटी न उघडता परतीच्या गाडीने लावली आहे. शेठना मी काही लिहिणार नाही. तुझ्यासाठी नव्हे. तुझं पाकीट आलं तेव्हा आई शेजारी बसली होती. तिने विचारलं, सोन्यानं काय लिवलंय? मी तेवढीच एक ओळ वाचून दाखवली, की तू हेडमिस्त्री झालास. ती उठली आणि दारोदार साखर वाटत गेली. भागोजीच्या टपरीवर सगळ्यांदेखत सांगून आली की थोरल्यानं घालवलं, पन धाकटा माझा नाव राखून हाय. मी समोरच उभा होतो.

यापुढे मला पत्र घालू नकोस. आईच्या नावाने घालत जा. तिला वाचता येत नाही, तेव्हा वाचून मलाच दाखवावं लागेल.

दत्ताराम