कवळी आणि नातीच्या सुपारीचा विडा

सोलापूर, माघ वद्य ५, शके १८५५

मी मल्लाप्पा गुरुबसप्पा, वय अडुसष्ट, कापडाचा व्यापारी, शिक्षण मराठी चौथी, खरे तेच लिहितो. कवळी बसवून आज नववा दिवस. डॉक्टर म्हणतात, हिरड्यांना सवय होईल. केव्हा?

आज नात गंगूची सुपारी फुटली. दोन्हींकडच्या वडीलधाऱ्यांनी विडा चावून खाल्ल्यावाचून आमच्यात शब्द पक्का होत नाही. मी विडा तोंडात घातला आणि वरची कवळी सुटली. चावता येईना, थुंकणे तर अशक्यच.

व्याही म्हणाले, "मालक, विडा गालातच ठेवलासा की. पोरगी द्यायची न्हाय काय?"

कवळीचे सांगणे मला जमले नाही. पोरीच्या जन्माचा प्रश्न, आणि मी दातांची लाज धरून बसलो. अखेर विडा सुपारीसकट तसाच गिळला. डोळ्यांत पाणी आले. नातीच्या मायेने आजोबा रडले, असे सर्व म्हणाले. मी ते नाकारले नाही. इतका दुबळा मी केव्हा झालो?

समक्ष हजर: व्याही शिवलिंगप्पा, माझे धाकटे बंधू, सूनबाई, आणि गंगू, जिने न मागता पाण्याचा तांब्या माझ्या हाती दिला व कवळी नीट बसेपर्यंत माझ्यापुढे आड उभी राहिली.