‘ती’ आली की आच बंद

तीर्थस्वरूप मामीस,

साष्टांग नमस्कार. (‘तीर्थस्वरूप’ मुद्दाम पूर्ण लिहिते आहे. नुसतं ‘ती.’ लिहायची सध्या धास्ती बसली आहे. कारण पुढे येईल.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नकोस म्हणून सांगितलं असताना गच्चीवर कोण जातं, हे मी विचारत नाही. मामाने सांगितलं आहे. इकडे सगळं ठीक. माझा खोकला गेला, ह्यांचं वजन वाढलं. मी मजेत आहे, म्हणजे महिनाभर एकच प्रयोग रोज फसतो आहे आणि तरीही मजेत आहे.

झालं असं. आमचा रसायनशास्त्र विभाग विद्यार्थ्यांसाठी नवी प्रयोगपुस्तिका छापतो आहे. शेवटच्या प्रकरणात विभागातल्या जुन्या शिक्षकांनी स्वतः बसवलेल्या कृती आहेत. त्यात मामाची एकच, पिवळ्या रंगाची. दोन पांढऱ्या पावडरी, थोडं आम्ल, मंद आच, आणि गार झाल्यावर लांब पिवळ्या सुया. मुलांना आवडेल अशी. पण विभागप्रमुख बाईंनी अट घातली, की जी कृती आज इथे जमेल तीच छापायची. आदर म्हणून काही छापायचं नाही. मुदत या महिनाअखेरची. नाही जमली तर मामाचं पान जाणार आणि त्या जागी साबण करण्याची कृती येणार. बावीस वर्षं शिकवलेला माणूस साबणाने धुऊन निघावा हे मला पटेना. मी म्हटलं, मी करून दाखवते.

मामाची वही कपाटात मिळाली. अक्षर तुला ठाऊकच आहे. शब्द मात्र तार करावी तसे मोजून. वजनं आहेत, मापं आहेत, भांडं कोणतं तेही आहे. दुपारी अडीचला सुरुवात, असंही आहे. थांबायचं कधी, तिथे एकच ओळ: ‘ती आली की आच बंद.’ मी मामाला फोन केला. तो म्हणाला, “वहीत सगळं आहे. वाचता येतं ना?” आणि ठेवून दिला.

आता ती कोण? स्फटिक तर पुल्लिंगी. तो येईल, ती कशी येईल? मी म्हटलं, सुई असेल. पहिली सुई दिसली की थांबायचं. सुई दिसली नाही, तळाशी डांबर दिसलं. शेजारच्या टेबलावर संशोधन करणारा (तीन वर्षं एकाच रेणूच्या मागे आहे, रेणू होकार देत नाही; आम्ही त्याला नवरदेव म्हणतो) म्हणाला, छटा. नारिंगी छटा आली की बंद. छटा आली, बंद केलं, गार झाल्यावर खळ मिळाली. तिने पुस्तिकेच्या कच्च्या प्रतीची दोन पानं चिकटवली, छान चिकटली. मग ‘ती’ म्हणजे साय धरून पाहिली, मग वाफ धरून पाहिली. विभागप्रमुख बाईंच्या मते हा संक्षेप होता, ‘ती.’ म्हणजे तीव्रता, आणि पुढचं टिंब पुसलं गेलं असणार. अर्धा तास आम्ही भिंग घेऊन टिंब शोधलं. एक सापडलंही. नखाने खरवडल्यावर निघालं, माशीचं होतं. दुसऱ्या वर्षाच्या मुली मदतीला होत्या, त्यांतल्या एकीने जर्नलमध्ये लिहिलं, ‘निष्कर्ष : ती आली नाही.’ मी त्यावर बरोबरची खूण केली. दुसरं काय करणार?

पुढची पानं चाळली तर गोंधळ वाढला. ‘ती लवकर आली. कच्चे.’ ‘ती उशिरा आली. करपले, पण चालेल.’ आणि एका पानावर, ‘ती आली नाही. सगळे काळे. फेकले.’ शनिवारचे तर झाडून सगळे कच्चे. यावर नवरदेवाने सिद्धांत मांडला, की शनिवारी पाण्याची टाकी धूत असतील आणि पाण्याचा गुण बदलत असेल. त्याने आलेखही काढला. (आलेख देखणा होता.)

बुधवारी आमच्या प्रयोगशाळेतले दादा रजेवरून परतले. हे काचसामान सांभाळतात. मामाच्या वेळी नवीनच लागले होते. आम्ही चौघं एका भांड्यात डोकावून उभे.

“काय पडलं का आत, मॅडम?”

“नाही हो. ती यायची वाट बघतोय.”

“कोण ती?”

मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावला, ओळ वाचली आणि स्टुलावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. “अहो, ती म्हणजे आमच्या वहिनी! पलीकडच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. शाळा सुटली की या इथे दारात उभ्या. सर गॅस बंद करायचे, हात धुवायचे, की निघाले.”

“आणि प्रयोग?” बाईंचा आवाज जरा चढला.

“तो होतोय की गार आपला आपण! सकाळी बघावं तर सुया.”

“मग शनिवारी?”

“शनिवारी शाळा तासभर आधीच सुटायची की हो, बाई.”

नवरदेवाने आलेखाची घडी करून खिशात घातली.

मामी, तू किती वेळा सांगितलं आहेस, की ‘तू आलीस की माझं काम थांबतं’ असं मामा कुरकुरायचा, आणि म्हणून तू पुढे पुढे फाटकाशीच थांबायला लागलीस. त्या वर्षीची पानं मी पाहिली. ‘आली नाही. काळे.’ ‘आली नाही. काळे.’ चार वेळा तसंच. मग ही कृती त्याने सोडूनच दिली आहे. काम थांबायचं, हे खोटं नाही. वेळेवर थांबायचं.

दादांना वेळ विचारली. ठामपणे म्हणाले, साडेचार. कोणत्या घड्याळाने? भिंतीवरच्या. मग जरा विचार करून म्हणाले, ते बंद होतं, पण साडेचार दाखवायचं. आम्ही साडेचारला बंद करून पाहिलं, कच्चं. पाचला पाहिलं, काळं. म्हणजे तू मधेच कुठेतरी यायचीस. आता एका पावडरीचा डबा खरवडून एकाच वेळेपुरती उरली आहे, नवी यायला दोन महिने. तेव्हा चुकायला जागा नाही.

बाकी क्षेम. तब्येत जप.

तुझी भाची

ता. क. पत्राचं खरं कारण हे. शाळा सव्वाचारला सुटायची, ते मी शाळेत विचारून घेतलं. ब्रश धुवायला तुला किती वेळ लागायचा? वाटेत कुणाशी बोलत थांबायचीस का? मिनिटांत कळव, संकोच करू नकोस. फोन घरी मामाच उचलतो, म्हणून पत्र.

आणखी ता. क. पाकीट चिकटवण्याआधी राहवेना, मामाला फोन केला. सरळ विचारलं, ती म्हणजे कोण? त्याने आधी माझ्या खोकल्याची चौकशी केली. मग म्हणाला, “साय.” आणि ठेवला. पाच मिनिटांनी त्याचाच आला. “दोन तास दहा मिनिटं छाप. आणि मामीला काही विचारू नकोस. तिला वाटतं, तिची वाट बघताना मी कधी हातातलं घड्याळ बघत नव्हतो.” तेव्हा मी काही विचारलेलं नाही. तूही काही कळवू नकोस.