विहिरीकाठची चिंधी

बरन, काउंटी क्लेअर

लाडक्या आईला नुआलाचा गालावर पापा.

मी मजेत आहे. सकाळी पर्यटकांना दगडी कबर दाखवते, दुपारी समुद्रकाठचे उंच कडे. जेवणही वेळेवर होतं. तुझा खोकला कसा आहे? डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं, की बाबा फोनवर मेंढ्यांचं सांगत बसतात.

म्हणून संतिणीच्या विहिरीवर गेले आणि काठच्या काटेझाडाला तुझ्या नावानं चिंधी बांधली. चिंधी कुजते तसं दुखणं जातं ना! विहीर झाडणारी डेलियाआजी खेकसली, "अगं वेडे, ही तर नायलॉनच्या मोज्याची! ही कुजेपर्यंत तुझी आई खोकतच बसायची."

"मग सोडते."

"खबरदार! सोडणाऱ्याला ते दुखणं लागतं."

मी सोडली. रागावू नकोस, माझी छाती ठणठणीत आहे. मग तू दिलेला सुती रुमाल फाडून त्याची पट्टी बांधली.

रात्री खिडकी लावून झोपत जा. बाबांना म्हणावं, मेंढ्या पुरे झाल्या, खरं काय ते सांगा.

इथे तेव्हापासून पाऊस थांबलेला नाही. पर्यटक शिव्या घालतात. मी मात्र मनात म्हणते, पड रे पावसा, अजून पड, ती चिंधी लवकर कुजू दे.

तुझीच,
नुआला