निगडीच्या माळावरचं बेट

६ जाने. ५८, सोम.
मी जाणार! म्हणजे अजून पक्कं व्हायचंय, पण साहेबांनी नाव माझंच घातलंय. आज प्रयोगशाळेत सगळ्यांदेखत नकाशा उघडून प्रशांत महासागरात माशी बसून गेल्यासारखा एक ठिपका दाखवला. "कुसुमताई, मार्चमध्ये हवामानवाल्यांचं जहाज तिकडे जातंय. मी, आमची मंडळी आणि तुम्ही. बारा दिवस तंबूत." तिथं माणूस नाही, गुरं नाहीत, जमिनीला कधी नांगर लागलेला नाही. तसल्या मातीत नवी बुरशी सापडली तर नवं औषध निघेल. हातातली काचेची ताटली पडता पडता वाचली.
घरी अजून बोलले नाही.

८ जाने., बुध.
बोलले. दादा आधी हसला, मग जेवायचा थांबला. लोक काय म्हणतील इथपर्यंत गाडी आली. तो बॉयलरवर फिटर, मी बुरशीच्या ताटल्यांवर, औषधाचा कारखाना एकच, त्यामुळे चार लोकांचं त्यालाच ऐकावं लागतं हेही खरं. बाबांमागे यानेच शिकवलं मला. उलट बोलवत नाही. तरी बोललेच.
शेवटी आई म्हणाली, "आधी इथं माळावर एक दिवस तंबूत राहून दाखव. तीन दगडांवर भात शिजवून दाखव. मी येते बघायला. मग समुद्राचं बोलू." दादा म्हणाला, आई म्हणेल तसं.
आई माझी गुणाची!

१२ जाने., रवि.
सामानाची यादी. कंदील, दोरखंड, सुया-दोरा, गमबूट (कुठे मिळतात?), मातीसाठी उकळलेल्या बाटल्या. लोणचं-पापड नेऊ नका म्हणून साहेबांची ताकीद. "इथली बुरशी घेऊन गेलो तर तिथून आणायची कोणती?" आईला सांगितलं, तर तिच्या लोणच्याला बुरशी म्हटल्याचा तिला राग. चार वर्षांचं लिंबू आहे, एक डाग दाखव म्हणते. त्याऐवजी खवणी बांधून ठेवलीय. बेटावर नारळ असतात ना, मग खवणार कशाने? खवणी यादीत.
दिल्लीहून साहेबांना विचारणा: आपल्याकडची माती संपली का, म्हणून एवढ्या लांब? साहेबांनी लिहून टाकलं, इथली तपासून झाली, कामाचं काही नाही. छान लिहिलंय.

१७ जाने., शुक्र.
तंबू मिळाला!! दादानेच आणला, कासारवाडीच्या मांडववाल्याकडून. पांढरा, लाल झालरीचा, केवढा थोरला. "साधा नव्हता?" म्हटलं, तर म्हणाला, "तुझ्या बेटावर कोण बघणार आहे?"
तुझ्या बेटावर म्हणाला.

१९ जाने., रवि.
काय लिहू. हसू की रडू.
सकाळी आई, दादा आणि मी बैलगाडीतून निगडीच्या माळावर. खुंटे मी ठोकले, एकही हलला नाही. भात थोडा खाली लागला पण शिजला. आई खूश. गुरं तंबूत तोंड घालायला लागली म्हणून तिने डबा बडवून बडवून हाकलली.
चारच्या सुमाराला बाहेर बघते तर पन्नासेक माणसं! दोन गाड्या सोडलेल्या, बायकापोरं घोंगड्या अंथरून बसलेली. एक फेटेवाले म्हातारे पुढे आले. "बाई, खेळ कवा सुरू व्हनार?"
"कसला खेळ?"
"आता कसला! ह्योच तंबू की मागल्या जत्रंत तमाशाला. आन् मगाधरनं डबा बडवून कोन बोलवतंय?"
आई पळी घेऊन बाहेर आली. मागून कुणीतरी म्हणालं, "मावशीचं काम ह्या करत्यात जनू." दादाचा चेहरा बघवेना. तो खुंटे उपटायला लागला.
मला काय सुचलं देव जाणे. सामानाच्या पेटीवर उभी राहिले, पिशवीतली ताटली दाखवली आणि मातीतून औषध कसं निघतं ते सगळं सांगितलं. चिडीचूप ऐकलं लोकांनी! म्हाताऱ्यांचं नाव कोंडिबा तात्या. त्यांनी विचारलं, "मंग आमच्या मातीत न्हाई व्हय तसलं काय?"
म्हटलं, साहेब म्हणतात नाही.
"सायबानं माजं वावार कवा बघितलं?"

२० जाने., सोम.
कारखानाभर बभ्रा. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी टेबलावर ढोलकीचा ठेका धरला, दादा समोर असताना. घरी आल्यावर एवढंच म्हणाला, "बास झालं. बेट बंद."
आयुष्यात पहिल्यांदा दादाचा इतका राग आला.

२२ जाने., बुध.
दारात कोंडिबा तात्या! तंबाखूच्या डबीत वावरातली माती. बरोबर आणखी चौघांच्या पुरचुंड्या. दादा घरीच होता, तोंड फिरवून बसला. तात्यांनी बरोब्बर हेरलं. "आवं फिटरदादा, भन मातीत औषिद हुडकती. आमी गावभर सांगत सुटलोय, आन् तुमी मान खाली घालून बसलाय व्हय?"
शेवटी चहा टाक म्हणून दादानेच आईला हाक मारली.
माती घेतली, न घेऊन करते काय. बिचाऱ्यांचं मन राखायला ताटल्यांवर टाकीन.

३१ जाने., शुक्र.
एकाच दिवशी दोन गोष्टी.
दादाने नवी ट्रंक आणली. झाकणावर पांढऱ्या रंगाने माझं नाव, अक्षर त्याचंच, वाकडं. पासपोर्टच्या कागदावरही सही केली. "जा. पत्र मात्र टाक." बेटावर टपालपेटी नाही हे त्याला सांगितलं नाही. रडलेच मी.
दुसरी गोष्ट. तात्यांच्या मातीतल्या एका बुरशीभोवती रुपयाएवढं स्वच्छ कडं. जे जंतू आमच्या औषधाला भीक घालत नाहीत, तेच त्या कड्यात साफ मेलेले. सोमवारीच दिसलं होतं. काहीतरी चुकलं असेल म्हणून पुन्हा केलं. पुन्हा तेच!
नाचावंसं वाटतंय, पण साहेबांना अजून दाखवलेलं नाही. इथल्या मातीत काही नाही, म्हणून तर बेट आहे.

२ फेब्रु., रवि.
काल ताटली घेऊन दोनदा नळापर्यंत गेले. धुतली की संपलं. पण तात्या डबी परत न्यायला येणार आहेत. "निगालं का काय?" असं विचारतील, आणि मला त्यांच्या तोंडावर नाही म्हणता येणार नाही.

३ फेब्रु., सोम.
साहेबांच्या खोलीबाहेरच्या बाकावर लिहितेय. ताटली मांडीवर, रुमालात. आत फोन चाललाय दिल्लीशी. "हो, हो, इथली संपूर्ण तपासून झाली," साहेब ओरडून सांगतायत. "तिकिटं? तिघांची. आज पक्की करा."
फोन ठेवला. माझ्या नावाने हाक मारतायत, आवाज खुशीत आहे. ताटलीवरचा रुमाल सोडते, उठते.